भावाच्या बॅगेत नाही, कुटारात सापडली बाटली. भरतीच्या पोरांचं हे काय चाललंय?

वावरातला_दादा (यवतमाळ जिल्हा) | 3 मार्च, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. चार वर्षं झाली इथं वाचतो, लिहितो कमीच. कापसाच्या भावाच्या धाग्यावर दोनदा लिहिलं असेल तेवढंच. आज डोकं चालेना म्हणून लिहून राह्यलो, लंबं झालं तर समजून घ्या.

लहान भाऊ 22 वर्षांचा. बारावीपासून पोलीस भरतीच्या मागं आहे. मागच्या वेळेस ग्राउंडमधे दोन मार्कांनी राह्यला. तवापासून तालुक्याला खोली करून राहते, सकाळी ग्राउंड, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी जिम. महिन्याचे पाच हजार मी पाठवतो अन् आजवर हिशेब कधी मागितला नाही.

दिवाळीपासून पोरगा बदलला. घरी आला की एक तर दोन दिवस उठतच नाही, जेवायलाही नाही, नाहीतर रात्र रात्र आंगणात चकरा मारते. दात खात राहते, जबडा सारखा हलते. जानेवारीत आम्ही तूर मोजून राह्यलो होतो तर मधातच येऊन म्हणे, "माह्याबद्दल काय बोलून राह्यले होते तुम्ही?" आम्ही पोत्याचा हिशेब करत होतो हो. बाबाच्या अंगावर धावून गेला. आईला वाटते बाहेरचं झालं, ती अमावस्येला निंबू उतरवून टाकते.

काल तो गावात होता. बैलाले कुटार काढाले गोठ्यात गेलो, कुटारात हात घातला तर प्लास्टिकची पिशवी लागली. आत दोन काचेच्या बाटल्या, एक अर्धी, पाच-सहा सिरिंज, अन् एक सुई तशीच उघडी. बैलाच्या तोंडात गेली असती. बाटलीवर मेफेंटरमाइन असं लिहिलं आहे. पिशवी मी घरात लपवून ठेवली, तो आज तालुक्याले परत गेला, कोणाला काही बोललो नाही.

मला तीनच गोष्टी विचारायच्या आहेत. हे नेमकं काय आहे. हे सुटते का. अन् बाबाला सांगू, का पोलिसात सांगू, का आधी त्यालेच विचारू?

कापूसकोंड्या | 3 मार्च, रात्री 10:58

बापरे. दादा, सगळ्यात पहिले त्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका अन् झाकण गच्च लावा. उकिरड्यावर फेकू नका, लेकरं वेचतात. बाटली मात्र फेकू नका, डॉक्टरला दाखवायला लागन.

सातबारा_कोरा | 3 मार्च, रात्री 11:15

दोन कानफटात द्या अन् पैसे बंद करा, महिनाभरात सरळ होते. आमच्या वेळेस दूध-भाकरीवर भरती झाले लोक. आताच्या पोट्ट्याईले सगळं झटक्यात पाह्यजे.

सिस्टर_उपजिल्हा | 4 मार्च, सकाळी 6:20

नाईट संपवून लिहिते आहे, थोडं इकडंतिकडं होईल.

दादा, मी उपजिल्हा रुग्णालयात ओटीला, म्हणजे ऑपरेशनच्या खोलीत आहे, 14 वर्षं झाली. ही बाटली माझ्या रोजच्या हातातली. सिझरच्या वेळी कमरेतून भूल दिली की कधीकधी बाईचा बीपी धाडकन खाली येतो, तेव्हा भूलतज्ज्ञ हे औषध शिरेतून देतात, तेही मॉनिटरवर नजर ठेवून. पडलेला बीपी उचलायचं औषध आहे हे. तुमच्या भावाचा बीपी पडलेलाच नाही, त्याच्या अंगात हे गेलं की चांगला बीपी उगाच चढतो, ठोके वाढतात, ठोक्यांची लय बिघडू शकते, मेंदूतली रक्तवाहिनी फुटू शकते. 22 वर्षाच्या पोरालाही लकवा मारतो, वय पाहून थांबत नाही तो.

हे औषध अँफेटामाइन या उत्तेजकाच्याच कुळातलं आहे, म्हणजे मेथ (मेथअँफेटामाइन), एमडी (मेफेड्रोन) या नशेच्या पावडरींचं भावकीतलं म्हणा. झोप उडते, भूक मरते, थकवा कळत नाही. अन् जास्त दिवस, जास्त घेतलं की संशय सुरू होतो. लोक माझ्याबद्दल बोलतात, कोणी मागं लागलं आहे, आवाज ऐकू येतात. तूर मोजताना तो जे बोलला ना ते याचंच लक्षण वाटतं मला. आईला सांगा बाहेरचं काही नाही, आतलंच आहे अन् त्याला डॉक्टर आहे. दोन दोन दिवस झोपणं म्हणजे औषध उतरल्यावरची गळती. त्या उतारात मन फार खाली जातं, जीव द्यायचे विचार येतात, त्या दिवसांत एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, हे विसरू नका.

अन् सुई. खोलीवरची पोरं एकच सुई चौघात वापरतात. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, तिन्ही तपासून घ्या. एचआयव्हीची तपासणी सरकारी दवाखान्यात आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन अन् तपासणी केंद्रात, फुकट होते, नाव बाहेर जात नाही.

सातबारा भाऊ, कानफटात देऊन बीपी उतरत नाही. संशयात असलेल्या पोराच्या अंगावर हात टाकला तर तो काय करून बसेल याचा नेम नसतो.

सातबारा_कोरा | 4 मार्च, सकाळी 7:05

सिस्टर, एवढं माहीत नव्हतं. मी आपलं दारूवाल्याच्या हिशेबानं बोललो. मागे घेतो.

ग्राउंडवाला (वाशीम) | 4 मार्च, सकाळी 9:30

मी 11 वर्षं पोरांची भरतीची तयारी घेतो. या विषयावर आम्ही कोच लोकांनीच आधी बोलायला पाहिजे होतं.

होते कसं ते सांगतो. पोलीस भरतीचं ग्राउंड 50 मार्काचं. 1600 मीटरचे 20, 100 मीटरचे 15, गोळ्याचे 15. एका जागेमागं इतके पोरं की एकेक मार्क म्हणजे एकेक वर्ष. वय निघून चाललं, घरी वावर दोन एकर, बहिणीचं लग्न राह्यलं. अशा पोराले जिममधला एखादा सिनियर म्हणते, "उद्या टायमिंग आहे न, एक मारून पाय, थकवाच येत नाही." पहिलं फुकट असते. दुसऱ्यापासून पैसे.

अन् थकवा येत नाही हे खरंच वाटते त्याले, खोटं तिथंच लपलेलं आहे. माझ्या हातात घड्याळ असते. 1600 म्हणजे 400 चे चार राउंड. पूर्ण 20 मार्क पाह्यजे तर 5 मिनिट 10 सेकंद, म्हणजे राउंडले साधारण 77-78 सेकंद. मागच्या वर्षी एक पोरगा आला, डोळे तारवटलेले, ओठ कोरडे, पहिला राउंड त्यानं 66 सेकंदात मारला. बाकीचे पाहतच राह्यले. दुसरा 74. तिसऱ्याले पाय फाकून पडू लागले, चौथा 92. शेवटच्या वळणावर त्याले आपण हळू झालो हेच कळत नव्हतं, मले म्हणे सर घड्याळ चुकलं तुमचं. अंदाजच मेला होता त्याचा. छातीवर हात ठेवला तर दहा मिनिटांनंतरही ठोके मोजता येईनात. रिक्षात घालून दवाखान्यात नेला, ईसीजी काढला, रात्रभर ठेवलं. वाचला. भरती सोडून आता भावासंगं जेसीबीवर आहे.

तवापासून माझ्या ग्राउंडवर नियम केला. सकाळी नाडी मोजल्याशिवाय ट्रॅकवर पाय नाही. 100 च्या वर असली की बस सावलीत. पोरं चिडतात. चिडू दे.

तुऱ्हाटी | 4 मार्च, सकाळी 10:02

सर तुमच्यासारखे कोच गावोगावी पाह्यजे. आमच्या इकडं तर एका अकॅडमीत कोचच म्हणते "काय करायचं ते करा, मार्क आणा".

गणिताचे_गुरुजी (वर्धा) | 4 मार्च, दुपारी 1:15

ग्राउंडवाले सरांनी लिहिलेलं वाचून जुनी गोष्ट आठवली. 13 जुलै 1967, फ्रान्समधली ती मोठी सायकल शर्यत, तूर द फ्रान्स. टॉम सिम्पसन नावाचा इंग्रज सायकलपटू, दोनच वर्षांआधी जगज्जेता झालेला. मोंट व्हेंटू नावाचा उघडाबोडका डोंगर, ऊन रणरणतं. चढावर तो झोकांड्या खाऊ लागला, पडला, लोकांनी परत सायकलवर बसवला, थोडं पुढं गेला अन् परत कोसळला तो उठलाच नाही. शवविच्छेदनात अँफेटामाइन निघालं, सोबत दारूही. 29 वर्षांचा होता.

औषधानं त्याला ताकद दिली नाही. शरीर "थांब" म्हणत होतं ते ऐकू येणं बंद केलं. आपल्या शरीराला थकवा दिलाय तो काही उगाच नाही, बैलगाडीच्या उतारावरची ती खीळ आहे.

आता विदर्भाचं ऊन घ्या. 2024 ची पोलीस भरती 19 जूनला सुरू झाली होती. पाऊस लांबला की जूनमधे आपल्याकडं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, अन् सराव तर पोरं एप्रिल-मे महिन्यात नवतप्यातही करतात. ही औषधं अंगातली उष्णता वाढवतात, कातडीकडचं रक्त आवळतात म्हणजे उष्णता बाहेर जायची वाट बंद, वरून 45 डिग्री, वरून धावणं. तिन्ही एकत्र आले की ताप 41-42 वर जातो अन् आतले अवयव एकेक करून बंद पडू लागतात.

हे काही आजचं नाही. अँफेटामाइन 1887 साली जर्मनीत बनलं, मेथ त्यानंतर सहा वर्षांनी जपानात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं शिपायांना परव्हिटिन नावाच्या मेथच्या गोळ्या वाटल्या, जपाननंही आपल्या लोकांना तेच दिलं. युद्ध संपलं, गोळ्या बाजारात आल्या, अन् जपानात इतकी माणसं अडकली की 1951 साली वेगळा कायदा करावा लागला.

रानडुक्कर_त्रस्त | 4 मार्च, दुपारी 1:40

गुरुजी, गणित शिकवता का इतिहास 😀 पण मस्त सांगितलं, खीळ वाली गोष्ट पोराले वाचून दाखवली.

शोभाताई_आर्णी | 4 मार्च, दुपारी 3:50

मी आशा सेविका आहे. गुरुजी म्हणतात ते डोळ्यानं पाह्यलं म्हणून लिहिते. आमच्या शेजारच्या गावातला पोरगा, मे महिना, सकाळी साडेनऊला धावून आला अन् शाळेच्या वट्यावर पडला. अंग एवढं भाजत होतं की हात लावता येईना, पण घाम नाही. बडबड करत होता. लोकांनी आधी कांदा हुंगवला, मग कोणी म्हणे मिरगी आहे, चप्पल आणली. मी पोचेतो वीस मिनिट गेले. 108 ले फोन लावला, बनियन फाडून हापशीचं पाणी ओतलं, ओला दुपट्टा काखेत अन् मानेवर, दोघं जण पेपरनं हवा घालत होते. डॉक्टर मागाहून म्हणाले तेवढ्यानंच वाचला. पण दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. स्नायू विरघळून किडनीत अडकतात म्हणे. नागपूरले मेडिकलमधे हलवावं लागलं, डायलिसिसवर होता. आईनं कानातलं मोडलं. पोरानं दवाखान्यात कबूल केलं का सकाळी इंजेक्शन घेतलं होतं.

असं कोणी पडलं तर बांधून ठेवू नका, तोंडात पाणी ओतू नका, अंग थंड करा अन् 108. आणि काय घेतलं ते डॉक्टरला खरं सांगा, घाबरून लपवू नका, लपवल्यानं औषध चुकते.

मेडिकलवाला (अकोला) | 4 मार्च, सायंकाळी 6:25

माझं औषधाचं दुकान आहे. हे शेड्यूल एच मधलं औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय काउंटरवरून देताच येत नाही, अन् खरं तर हे दवाखान्यात, ओटीत वापरायचं, दुकानावर गिऱ्हाईक मागतच नाही कधी. माझ्याकडं गेल्या दोन वर्षांत पाच-सहा पोरं आले असतील मागायला. तब्येत कमावलेले, पाठीवर बॅग. मी नाही म्हटलं तं एक म्हणे "काका एमआरपीच्या चौपट घ्या". कुठून मिळते त्याईले? कोणी खोट्या बिलावर उचलते, कोणी मोबाईलवरून मागवते, कुरियरनं येते. आमच्यातलेही काही विकतात, ते नाकारत नाही. जो विकते त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या ऑफिसात औषध निरीक्षकाकडं करा, बॅच नंबरसह. दादा, तुमच्या बाटलीवरचा बॅच नंबर लिहून ठेवा. तेवढ्यावरून कोणत्या दुकानातून निघाली ते निघू शकते.

संत्राबाग (वरूड) | 4 मार्च, रात्री 8:10

सगळे इंजेक्शन अन् एमडी करून राह्यले. गावात आठवीतले पोट्टे पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राह्यले त्याचं काय? कॅन्सरनं किती गेले मोजा.

कापूसकोंड्या | 4 मार्च, रात्री 8:22

संत्राबाग भाऊ, धागा कुठं चालला.

संत्राबाग | 4 मार्च, रात्री 8:30

कुठं नाही, तिथंच आहे. ज्या घरात बाप, काका, मास्तर सगळे दिवसाला आठ खर्रे हाणतात त्या घरच्या पोराले "नशा वाईट" हे कोण सांगन? गुटखाबंदी 2012 ची, अन् आजही पाह्यजे तेव्हा पुडी मिळते. तंबाखूही उत्तेजकच न. पोरगा लहानपणापासून शिकते का थकलं की तोंडात काहीतरी टाकायचं.

गोंडपिपरी_कर | 4 मार्च, रात्री 9:00

संत्राबागच्या बोलण्यात तथ्य आहे. आमच्या बाजूच्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, 2016 पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं मुक्तिपथ नावाचं व्यसनमुक्तीचं अभियान चालू आहे, दारू अन् तंबाखू दोन्ही. गावातल्या बायाच ठरवतात, अहिंसेनं, पण ठामपणे. आमच्या चंद्रपुरात 2015 ले दारूबंदी झाली अन् 2021 ले उठली. मले विचाराल तं कायदा एका पायावर चालत नाही, गाव दुसरा पाय. पण खर्रा अन् हे इंजेक्शन एक नाही. खर्रा वीस वर्षांनी मारते, हे वीस मिनिटात मारू शकते.

परत_आलेला | 4 मार्च, रात्री 11:48

हे खातं नवीन काढलं. ओळख नको म्हणून.

मी इंजेक्शनवाला नाही, एमडीवाला. मेफेड्रोन. गाव सावनेरकडं. डीजेच्या गाडीवर कामाला होतो, लग्नसराई अन् गणपती, रात्र रात्र जागरण. मालकाच्या ओळखीच्या पोरानं पहिली चिमूट फुकट दिली. पांढरी पावडर, नाकात आग होते, डोळ्यातून पाणी, अन् दहा मिनिटात असं वाटते की आजवर उगाच घाबरत जगलो. सगळ्यांवर प्रेम येते. तासा-दीड तासात उतरते अन् उतरताना इतकं रिकामं वाटते की लगेच दुसरी पाहिजे. एमडीची हीच गोम आहे, लवकर उतरते म्हणून माणूस रात्रीतून सात-आठ वेळा घेते.

माह्या बाबानं एकदा विचारलं काय होते रे त्यानं नेमकं. मी सांगितलं, बाबा, घरात पेरणीसाठी ठेवलेली ज्वारी असते न, ती मी दळून खाऊन राह्यलो. पोट भरते, पण मृगात पेरायले काही नाही. डॉक्टरांनी नंतर डोपामिन म्हणून समजावलं ते हेच होतं. आनंदाचं जे बियाणं मेंदू थोडं थोडं वापरते ते एका रात्रीत उधळायचं. मग पुढचे आठ दिवस लेकराचं हसूही गोड लागत नाही.

चौथ्या महिन्यात कातडीखाली मुंग्या चालायच्या. खऱ्या वाटायच्या. मी ब्लेडनं हात खरवडले, व्रण आहेत अजून. नाकातून रक्त. 71 किलोचा 52 झालो. बायको माहेरी गेली. संत्र्याच्या बहाराचे पैसे बाबानं पेटीत ठेवले होते, ते मी काढले. बाबानं पेटी उघडली तेव्हा मी समोरच बसलो होतो. ते काहीच बोलले नाही, पेटीचं झाकण हळूच लावलं अन् वर आपला शेला ठेवला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दादा, तुमचा दुसरा प्रश्न, सुटते का. सुटते. मले 14 महिने झाले. पण अफू-ब्राऊन शुगरवाल्यांना जशी बदली गोळी देतात तशी याच्यावर नाही, हे आधीच समजून घ्या, कोणी "एका कोर्समधे सोडवतो" म्हणाला तर पैसे देऊ नका. माह्यावर जे चाललं ते बोलणं. दर आठवड्याले समुपदेशक, लघवीची तपासणी, झोपेसाठी अन् संशयासाठी सुरुवातीचे काही आठवडे गोळ्या. तीन वेळा घसरलो मधात. तिन्ही वेळा बाबा बसस्टँडवर घ्यायला आले.

ज्या मित्रासंगं सुरू केलं तो मागच्या पोळ्याले गेला. हृदय बंद. 26 वर्ष.

शोभाताई_आर्णी | 5 मार्च, सकाळी 5:55

भाऊ, चहा ठेवला होता, तुमचं वाचता वाचता उतू गेला. बाबाले नमस्कार सांगा.

निवृत्त_जमादार (बुलढाणा) | 5 मार्च, सकाळी 8:40

पोलिसात सांगू का यावर बोलतो, 31 वर्षं खात्यात काढली.

एमडी 2015 च्या फेब्रुवारीत एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात आलं. त्याआधी आम्ही पकडायचो अन् कलमच बसायचं नाही. आता 2 ग्रॅमपर्यंत अल्प, 50 ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण, तिथं 10 ते 20 वर्षं. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं, म्हणजे हा माल परदेशातून येते हे डोक्यातून काढा, आपल्याच राज्यात बनते.

पण दादा, विकणारा वेगळा अन् अडकलेला वेगळा. त्याच 1985 च्या कायद्यात कलम 64-अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यता असलेल्या ठिकाणी उपचाराला गेला अन् उपचार पूर्ण केला तर सेवनाच्या अन् अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालवायचा नाही, अशी तरतूद आहे. भावाचं तर चिठ्ठीच्या औषधाचं प्रकरण आहे. आधी दवाखाना. विकणाऱ्याची माहिती द्यायची असेल तर 1933 वर द्या, नाव न सांगता देता येते.

पोराले एक नक्की सांगा. भरतीत चारित्र्य पडताळणी असते. इंजेक्शनवाल्या टोळीसंगं नाव आलं तर मार्क कितीही असो.

तुऱ्हाटी | 5 मार्च, सकाळी 9:10

जमादार साहेब, विकणाऱ्याचं नाव सांगितल्यावर तो गावातल्याच कोण्या पुढाऱ्याचा पोरगा निघाला तर?

निवृत्त_जमादार | 5 मार्च, सकाळी 9:35

तर एकट्यानं सांगू नका. पाच बाप मिळून जा, लेखी द्या, पोच घ्या. एका बापाले दाबता येते, पाचांना जड जाते.

सिस्टर_उपजिल्हा | 5 मार्च, दुपारी 2:15

नंबर एकत्र देते, कोणाला लागले तर. व्यसनमुक्तीसाठी 14446. मनाचं काही असेल, झोप नाही, जीव द्यायचे विचार, तर टेलिमानस 14416, मराठीत बोलतात, रात्रीही. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून सरळ जायचं, चिठ्ठी लागत नाही.

परत_आलेला भाऊंनी घसरण्याचं लिहिलं ते सगळ्या घरच्यांनी नीट वाचा. घसरला म्हणजे उपचार वाया गेला असं नसतं.

फवारणी_17 | 5 मार्च, सायंकाळी 7:00

2017 ले आमच्या यवतमाळात फवारणी करता करता वीसच्या वर मजूर गेले. तेव्हाही बाटलीवर सगळं लिहिलेलं होतं. बारीक अक्षरात, इंग्रजीत. मजुराले कोणी वाचून दाखवलं नव्हतं. आता दादाच्या बाटलीवरही इंग्रजीतच लिहिलं असन. पोरं शिकलेले आहेत, पण बाटली हातात देणाऱ्यावर विश्वास ठेवतात, वाचत नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहायला पाह्यजे हे. आमच्या गावात मी या रविवारी रंग आणतो.

वावरातला_दादा | 13 मार्च, पहाटे 5:10

मंडळी, माफ करा, आठ दिवस आलो नाही.

शनिवारी तालुक्याले गेलो. घरून ज्वारीच्या भाकरी, ठेचा अन् आईनं केलेलं आंबट वरण डब्यात नेलं. खोलीवर चार पोरं होते, म्हटलं चाल ग्राउंडवर जाऊन खाऊ. पायरीवर बसलो. त्यानं अर्धी भाकर खाल्ली. मी सिरिंजचा विषयच काढला नाही, एवढंच म्हटलं की बैलाच्या तोंडात सुई जाता जाता वाचली. तर तो एकदम रडाले लागला. म्हणे, दादा ती बाटली गेली कुठं म्हणून मी आठ दिवस झोपलो नाही, मले वाटलं तुम्ही सगळे मिळून मले धरून देणार. सप्टेंबरपासून घेत होता. आधी टायमिंगच्या आदल्या दिवशी, मग रोज. पाच हजारात भागत नव्हतं म्हणून अभ्यासिकेतल्या पोराकडून 18 हजार उसने घेतले. खोलीवरच्या चौघातले तिघं घेतात. सिरिंज चार दिवस पुरवायचे.

सोमवारी बाबाले सांगितलं. मले भीती होती. बाबा गोठ्यात गेले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभे राह्यले, मग म्हणे मी पण येतो दवाखान्यात. काल 12 तारखेला तिघं गेलो. बीपी 160 वर 110 निघाला. ईसीजीत ठोके जलद, बाकी सध्या ठीक म्हणाले. एचआयव्ही अन् दोन्ही कावीळ निगेटिव्ह, पण तीन महिन्यांनी परत तपासायचं. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास त्याच्यासंगं एकट्यानं बोलल्या, रात्रीच्या गोळ्या दिल्या, दर बुधवारी यायचं. धावणं सध्या बंद. त्याले सगळ्यात जास्त तेच लागलं. विचारत होता, "मॅडम, पुढच्या भरतीले उतरता येईन का?" त्या म्हणाल्या आधी बीपी खाली येऊ दे, मग मी स्वतः सांगीन कधी धावायचं.

जमादार काकांनी म्हटलं तसं बाकीच्या तिघांच्या बापांना फोन केले. दोन जण तयार झाले, एकानं फोन ठेवून दिला. त्याच्या घरी उद्या जातो. बॅच नंबर लिहून ठेवला आहे.

काल रात्री हरभऱ्याच्या जागलीले जातो म्हणत होता, बाबांनी नाही म्हटलं, डॉक्टरनं झोपायला सांगितलं आहे. नऊले झोपला. आता पाच वाजले, अजून उठला नाही. आई रात्रीतून तीनदा नाकापुढं हात धरून पाहून आली.

ग्राउंडवाला | 13 मार्च, सकाळी 6:02

दादा, पहिला महिना फक्त चालू द्या, वावराच्या धुऱ्यानं, उन्हाच्या आधी. डॉक्टर हो म्हणाल्या की मले सांगा. मी घड्याळ घेऊन येतो, वाशीमहून तुमचा जिल्हा काही दूर नाही.

परत_आलेला | 13 मार्च, सकाळी 6:30

18 हजार ज्याचे आहेत त्याले तुम्ही स्वतः नेऊन द्या, भावाच्या हातात देऊ नका. अन् त्याचा मोबाईल नंबर बदला, जुने लोक फोन करतात. त्याले बोलावंसं वाटलं तर इथं मले मेसेज करू द्या, रात्री केला तरी चालते.

सिस्टर_उपजिल्हा | 13 मार्च, सकाळी 7:15

उठला की आधी पाणी द्या, मग नाश्ता, गोळी रिकाम्या पोटी नको. तीन महिने 12 जूनला भरतात. पेरणीच्या धांदलीत ती तपासणी राहून जाईल, आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

वावरातला_दादा | 13 मार्च, सकाळी 8:50

केली खूण. उठला आहे. आईजवळ चुलीपाशी बसून चहा पिऊन राह्यला.